पाण्यात विरघळेल तेच औषध

सौंदडच्या धानपट्ट्यात हिवताप कुणाला नवा नाही. बांध्यांत पाणी आणि पाण्यावर डास! पण पाण्याचे नाते औषधाशीही आहे, याचे मला, एका मराठीच्या अध्यापकाला, मोठे नवल वाटते.

१९७२ साली चीनमध्ये तू यूयू या विदुषीच्या चमूने एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळे केले. औषध गुणकारी, पण स्वभावाने तऱ्हेवाईक! पाण्यात विरघळेना, तेलातही नीट मिसळेना. हिवताप मेंदूत शिरून बेशुद्ध पडलेले मूल गोळी गिळणार कसे? शिरेतून द्यावे, तर रक्त म्हणजे बव्हंशी पाणीच!

रसायनशास्त्रज्ञांनी मग त्याला सक्सिनिक आम्लाची शेपटी जोडली. झाले आर्टेसुनेट! ही आंबट शेपटी खायच्या सोड्याला भेटली, की त्याचा क्षार होतो आणि भुकटी पाण्यात विरघळते. टोचण्यापूर्वी सोड्याचे पाणी घालून कुपी हलवतात, ती याचसाठी.

भारतासह चार देशांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गंभीर हिवतापाचे शंभरातले २२ रोगी क्विनीन देऊनही दगावले. आर्टेसुनेट दिलेल्यांतले १५.

शंभरामागे सात जीव! तेव्हा वाचकहो, ताप चढला तर अंगाऱ्यावर विसंबू नका; आधी रक्त तपासून घ्या. औषध विरघळायला क्षणभर पुरतो. रोग्याला मात्र वेळेवर दवाखान्यात पोचावे लागते.