चिखलावर मात करणारे टायर

चिखलात रुतलेल्या ट्रकचे चाक गरागरा फिरते, पण गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. इंजिनाची ताकद तिथे कमी पडलेली नसते. नक्षीच्या खाचा गाळाने भरून टायर गुळगुळीत झालेला असतो. म्हणूनच चिखलाच्या टायरचे पहिले काम स्वतःला साफ ठेवणे. उंच लग (नक्षीतले रबराचे उंचवटे), त्यांच्यामधल्या रुंद खाचा आणि त्या खाचांची कडेला उघडणारी तोंडे यांमुळे फिरत्या चाकातून गाळ बाहेर फेकला जातो आणि प्रत्येक फेऱ्यात लगची मोकळी कड जमिनीत घुसते. हे तंत्र अवजड लष्करी ट्रकांवर कसे घडत गेले, ते खरोखर थक्क करणारे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सीसीकेडब्ल्यू हे जीएमसीचे अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक बनवले. त्या काळच्या अमेरिकी लष्करी टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखी असे. पुढे जाताना आणि रिव्हर्स घेताना पकड सारखीच मिळे. पण चिकट मातीत खाचा लवकर बुजत. मागच्या जोडटायरांमध्ये गाळ आणि दगड अडकत, शिवाय त्यांना पुढच्या चाकाच्या चाकोरीबाहेर नवी वाट कापावी लागे.

सोव्हिएत संघाच्या 1948च्या झिस-151 ट्रकलाही याच जोडटायरांनी छळले. 1958 साली आलेल्या झिल-157ने ते काढून सगळीकडे एकेरी, मोठे टायर लावले. आता मागची चाके पुढच्या चाकांनी दाबलेल्या वाटेवरूनच धावू लागली. केबिनमधूनच टायरची हवा कमी-जास्त करण्याची सोयही त्यात होती. ही सोय 1942च्या डीयूकेडब्ल्यू या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी वाहनात आधीच आली होती.

हवेचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो. एका चाकावर 2,500 किलो भार असेल आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला 7 किलो असेल, तर जमिनीला सुमारे 357 चौरस सेंटिमीटर रबर टेकते. हवा 2 किलोवर आणली की हेच क्षेत्र 1,250 चौरस सेंटिमीटरपर्यंत जाते. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा जरा कमी भरतो; पण रुतणे आणि तरणे यांतला फरक इथेच पडतो.

रेडियल टायर इथे वरचढ ठरतो. मिशेलिनने 1946 साली पेटंट घेतलेल्या या रचनेत आतले धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जातात. बाजूची भिंत सहज वाकते, हवा कमी करताच टायरचा ठसा लांब होतो. आपल्याकडे ज्याला नायलॉन टायर म्हणतात, त्यात धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे असतात. तो ताठ असतो. धारदार दगडांत त्याची जाड भिंत उपयोगी पडते, मात्र डांबरी रस्त्यावर तो जास्त तापतो. अमेरिकी मरीन कोअरच्या एमटीव्हीआर ट्रकवर मिशेलिनचे 16.00आर20 मापाचे एक्सझेडएल रेडियल टायर आहेत. या मापातले 16 म्हणजे इंचांतली रुंदी, 20 म्हणजे रिमचा व्यास आणि ‘आर’ म्हणजे रेडियल.

रुंद खाचांची किंमतही मोजावी लागते. रस्त्याला टेकणारे रबर कमी, म्हणून ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो, आवाज वाढतो आणि झीज लवकर होते.

त्यामुळे टायर निवडताना नुसत्या उग्र नक्षीवर भाळू नका. खाचा गाळ बाहेर टाकतात का, रचना रेडियल आहे का आणि आपला भार तो पेलतो का, हे आधी तपासा. चिखलासाठी हवा कमी केली असेल तर वेग आवरा, आणि पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा पूर्ण भरा. कमी हवेवर वेगाने धावणारा टायर तापून फुटू शकतो.