गाडीचा टायमिंग बेल्ट : तुटण्याची वाट पाहू नका



ऊस उत्पादकाच्या दारात पूर्वी बैलगाडी असे, पुढे ट्रॅक्टर आला आणि आता ट्रॅक्टरशेजारी एखादी चारचाकीही उभी दिसते. पुष्कळदा ती जुनी, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाकडून घेतलेली असते. ढोकी, तेर, तडवळे या भागात ती चैनीची वस्तू राहिलेली नाही. लातूरला दवाखान्यात जायचे, धाराशिवला कचेरीत जायचे, तुळजापूरला दर्शनाला जायचे, तर घरची गाडीच काढावी लागते. अशी गाडी अडल्या वेळी रस्त्यात बंद पडली तर नुसता पैशाचा प्रश्न राहत नाही.

ट्रॅक्टरची निगा आपल्याला तोंडपाठ असते. ऑइल केव्हा बदलायचे, एअर क्लीनर केव्हा झाडायचा, फॅन बेल्ट किती ताणायचा, हे सांगावे लागत नाही. परंतु गाडीत एक भाग असा आहे की ज्याची सवय ट्रॅक्टरने आपल्याला लावलेली नाही. तो म्हणजे टायमिंग बेल्ट. आज त्याचाच विचार करू.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात पिस्टन खाली-वर होतो आणि त्याच्या जोरावर क्रँक फिरतो. वरच्या बाजूला हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते उघडण्याचे काम कॅम शाफ्ट करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झाला पाहिजे, एका दात्याचाही फरक चालत नाही. हा मेळ राखण्याचे काम ज्या दातेरी पट्ट्याकडे असते तो टायमिंग बेल्ट. तो रबराचा असतो, पोटात काचतंतूंचे दोर असतात आणि दात्यांवर कापडाचे अस्तर असते. बऱ्याच डिझेल इंजिनांत डिझेल पंपही तोच फिरवतो, तर अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच्याच गळ्यात असतो.

त्याच्यावर काम किती पडते ते पाहा. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे असे धरा. या हिशेबाने १ लाख किलोमीटर होईपर्यंत क्रँकचे २० कोटी फेरे होतात. तेवढे सगळे फेरे त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्याच्या अंगावरून जातात.

ट्रॅक्टरला नाही, मग गाडीला का?

बहुतेक ट्रॅक्टरांच्या इंजिनात हे काम लोखंडी गिअर करतात. जुन्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांत साखळी होती. दातेरी रबरी पट्टा जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मोटारीत आणला. तो हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा, त्याला ऑइलही लागत नाही, म्हणून जगभर पसरला. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली आणि हा पट्टा गावोगाव पोहोचला. फायदे पुष्कळ असले तरी त्याला वय असते. गिअर बहुधा इंजिनाच्या जन्माला पुरतो, पट्टा पुरत नाही.

सगळ्याच गाड्यांना हा पट्टा असतो असेही नाही. मारुती ओम्नी, जुनी ८०० सीसी अल्टो, टोयोटा क्वालिस, २००५ ते २०१६ या काळातली २.५ लिटर डिझेल इनोव्हा, डस्टर डिझेल यांना पट्टा आहे. स्विफ्टचे १.३ लिटर डिझेल इंजिन आणि इनोव्हा क्रिस्टाचे डिझेल इंजिन यांना साखळी आहे. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक आणि डिझेलला दुसरे असेही असू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा निर्णय करू नये. गाडीची पुस्तिका पाहावी. ती हरवली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात चासी नंबर देऊन विचारावे.

तुटला तर काय होते?

फॅन बेल्ट ढिला झाला की किंचाळतो, तुटला तर इंजिन तापते, आपण थांबतो, नवा टाकतो आणि पुढे जातो. टायमिंग बेल्टचे तसे नाही. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र आपल्या वेगाने आणखी फिरतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच असते. फक्त वेळ वेगळी असते. पट्टा गेला की ती वेळ चुकते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. काही इंजिनांत ही टक्कर होत नाही, पण गाडी रस्त्यात उभी राहतेच.

केव्हा बदलावा?

मुख्य गोष्ट अशी की या पट्ट्याचे वय दोन मापांनी मोजतात, किलोमीटर आणि वर्षे. दोहोंपैकी जे आधी भरेल ते खरे. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, म्हणून आपल्याच गाडीच्या पुस्तिकेतला धरावा.

समजा, पुस्तिकेत १ लाख किलोमीटर किंवा ८ वर्षे असे आहे. एकाची गाडी भाड्याने पळते, तिचे १ लाख चार वर्षांतच झाले. त्याने चौथ्या वर्षीच बदलावा. दुसऱ्याची गाडी २०१७ सालची, घरगुती वापराची, फक्त ४८,००० किलोमीटर झालेली. तो म्हणतो, "अजून निम्मी पण झाली नाही, चालतंय की." परंतु त्याच्या पट्ट्याची मुदत २०२५ साली भरली. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. आपल्याकडे चूक होते ती बहुधा या दुसऱ्या प्रकारात.

त्यात आपला मुलूख उन्हाचा आणि धुळीचा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. लग्नाच्या मांडवाबाहेर एसी लावून गाडी तासभर उभी ठेवली तर किलोमीटर वाढत नाहीत, पण पट्टा फिरतच असतो. अशा कडक वापरासाठी अनेक पुस्तिकांत कमी मुदत दिलेली असते, ती आपल्याला लागू धरावी. ऑइल किंवा कूलंट गळून पट्ट्यावर येत असेल, तर मुदत शिल्लक असली तरी गळती काढून पट्टा बदलावा.

काही जण म्हणतात, "कव्हर काढून बघू, चिरा दिसल्या तर बदलू." चिरा पडल्या असतील, दाते झिजले असतील, कडा उसवली असेल तर तो तात्काळ बदलावाच. परंतु वरून चांगला दिसला म्हणून तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही. आतले दोर दिसत नाहीत. पाहणीने मुदत अलीकडे आणता येते, पलीकडे ढकलता येत नाही.

जुनी गाडी घेतली असेल तर

"पट्टा मागच्याच वर्षी टाकलाय" हे विकणाऱ्याचे बोलणे म्हणजे पुरावा नव्हे. तारीख आणि किलोमीटर असलेले बिल दाखवले तर मानावे. बिल नसेल तर पट्ट्याची मुदत संपली आहे असेच समजून चालावे आणि गाडीच्या किमतीतच तो खर्च धरावा. मीटर मागे फिरवलेले असू शकते. क्वालिस, इनोव्हासारख्या गाड्यांत पट्ट्याची मुदत भरली की समोर दिवा लागतो, पण पट्टा न बदलताही तो दिवा घालवता येतो. दिवा विझला म्हणजे पट्टा नवा झाला असे नाही.

बदलताना

खर्चाचा मोठा भाग खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून एकदा खोलले की पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलरची बेरिंगही बदलून घ्यावी. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर तोही. जुने बेरिंग जाम झाले तर नवा पट्टाही तुटतो. चांगल्या कंपनीचा संच पावतीसह घ्यावा. मिस्त्रीने खुणा जुळवून पट्टा बसवला की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात आणि मगच सेल्फ मारावा. हे काम माहीतगार हाताचे आहे, इथे स्वस्तातला मिस्त्री महाग पडतो.

खर्चाचा हिशेब

समजा, सगळे मिळून १२,००० रुपये लागले आणि मुदत ८ वर्षांची आहे. ९६ महिन्यांत ते वाटले तर महिन्याला १२५ रुपये पडतात. आता त्याच गॅरेजात विचारा, हेड उतरवून व्हॉल्व्ह टाकायचे झाले तर किती? तो आकडा ऐकल्यावर निर्णय आपोआप होईल. जुन्या गाडीच्या बाबतीत तर इंजिनाचे काम गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गाडी थोड्याच दिवसांत विकायची असली तरी मुदत संपलेल्या पट्ट्यावर घरच्या माणसांना घेऊन लांबचा प्रवास करू नये.

वाटेत तुटलाच तर

चालते इंजिन एकदम बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलके, जोर न लागता भरभर फिरते. असे वाटले की सेल्फ पुन्हा मारू नये. गाडी ढकलून किंवा ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये टाकून चालू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. वाचलेले व्हॉल्व्हही त्याने वाकतात. ऑटोमॅटिक नसलेली गाडी न्यूट्रलमध्ये ओढून गॅरेजला न्यावी.

बंधू-भगिनींनो, साखर कारखाना कसा चालतो हे आपण जाणता. गाळप संपले की ऑफ सीझनमध्ये मिल खोलतात, रोलर, बेरिंग, गव्हाणीची साखळी तपासतात आणि झिजलेला भाग पुढच्या हंगामात तुटेल म्हणून आधीच काढतात. भर हंगामात मिल थांबली तर काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि ऊस वाळतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. हाच नियम घरच्या गाडीला लावावा. मुदत जवळ आली असेल तर हातातली कामे उरकली की पावसाळ्यापूर्वी पट्टा बदलून घ्यावा. मुदत केव्हाच उलटून गेली असेल तर पुढच्या बिलाची वाट पाहू नये.

आणि बदलल्यावर तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावी, बिल गाडीच्या कागदांत ठेवावे. पुढे गाडी मुलाकडे गेली किंवा दुसऱ्या कोणाला विकली, तरी त्या माणसाला अंदाजावर चालावे लागणार नाही.