ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमांचा प्रभाव : मोजमाप आणि त्याचे धडे

शेळ्या, गायी-म्हशी, कोंबड्या किंवा छोट्या व्यवसायाचे साहित्य देऊन गरीब कुटुंबाला उत्पन्नाचे साधन मिळवून देणे ही आपल्या देशातील ग्रामीण विकास कार्यक्रमांची जुनी आणि रुळलेली पद्धत आहे. वर्षअखेरीच्या अहवालात किती कुटुंबांना लाभ मिळाला, किती जनावरे वाटली गेली आणि किती निधी खर्च झाला यांची नोंद असते. हे आकडे आवश्यक असतात, कारण त्यांतून झालेल्या कामाचा हिशेब मिळतो. मात्र त्या कामामुळे कुटुंबाचे दारिद्र्य कमी झाले की नाही, याचे उत्तर त्यांत नसते.

पुष्कळदा हे उत्तर आधीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना करून शोधले जाते. समजा, एका गावातील लाभार्थी कुटुंबांचे मासिक उत्पन्न तीन वर्षांत सरासरी ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपयांवर गेले. वाढ दीड हजारांची आहे. परंतु याच काळात पाऊसमान चांगले राहिले, मजुरीचे दर वाढले आणि शेजारच्या गावातील तशाच गरीब, पण योजनेबाहेरच्या कुटुंबांचे उत्पन्नही ३,००० वरून ४,२०० रुपयांवर गेले, तर योजनेच्या वाट्याला केवळ ३०० रुपयांचे श्रेय येते. उलट, दुष्काळी वर्षांत लाभार्थ्यांचे उत्पन्न जागच्या जागी राहिले आणि इतरांचे घटले, तर वरकरणी निष्फळ वाटणारी योजना प्रत्यक्षात उपयुक्त ठरलेली असते. योजना नसती तर याच कुटुंबांचे काय झाले असते, या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळवणे हाच प्रभाव मूल्यमापनाचा गाभा आहे.

मुर्शिदाबादमधील अनुभव

या दृष्टीने पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातील अनुभव महत्त्वाचा आहे. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला होता. त्याच धर्तीवर ‘बंधन’ संस्थेने मुर्शिदाबादमध्ये काम हाती घेतले. गावबैठकीत ग्रामस्थांकडूनच कुटुंबांची आर्थिक क्रमवारी लावून घेण्यात आली व त्यानंतर घरोघरी पडताळणी झाली. निवडलेल्या महिलांना गायी, शेळ्या किंवा लहान व्यापाराचे साहित्य देण्यात आले. जनावरापासून उत्पन्न सुरू होईपर्यंत घर चालावे यासाठी काही आठवडे निर्वाह भत्ता मिळाला. सुमारे दीड वर्ष कार्यकर्ते नियमित भेटी देत राहिले आणि जनावरांची निगा, बचत व आरोग्य यांविषयी मार्गदर्शन करत राहिले.

पात्र ठरलेली सर्व कुटुंबे एकाच वेळी सामावून घेतली गेली नाहीत. सुमारे एक हजार पात्र कुटुंबांमधून सोडत पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला कार्यक्रम देऊ करण्यात आला आणि दुसरा गट तुलनेसाठी ठेवण्यात आला. निवड निव्वळ सोडतीने झाल्यामुळे दोन्ही गटांतील कष्टाळूपणा, कर्ज, आजारपण आणि जमिनीचा अभाव या बाबी सरासरीने सारख्या होत्या. म्हणूनच पुढे दिसलेल्या फरकाचे श्रेय कार्यक्रमाला देता येते.

देऊ केलेल्या कुटुंबांपैकी जवळपास निम्म्याच कुटुंबांनी प्रत्यक्षात जनावर स्वीकारले. त्यांचीच तुलना इतरांशी केली असती, तर निष्कर्ष फसवा ठरला असता, कारण पुढे येणारी आणि मागे राहणारी कुटुंबे मुळातच वेगळी असू शकतात. अभ्यासकांनी त्यामुळे देऊ केलेल्या सर्व कुटुंबांची तुलना तुलना गटातील सर्व कुटुंबांशी केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि गरिमा शर्मा यांनी या कुटुंबांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कुटुंबाचा उपभोग खर्च, उत्पन्न, अन्नसुरक्षा आणि आरोग्य या सर्वांत सुधारणा दिसली. हा परिणाम पहिली सात वर्षे वाढत गेला व दहाव्या वर्षापर्यंत टिकून राहिला.

हा परिणाम टिकण्यामागे एक मोठे कारण गोठ्याबाहेरचे होते. हाती थोडा आधार आल्यावर ही कुटुंबे अधिक चांगल्या मजुरीच्या कामाकडे वळू शकली. विशेषतः घरातील सदस्य कामासाठी बाहेरगावी जाऊ लागले आणि उत्पन्नाचे मार्ग वाढले. दहा वर्षांनी केवळ दिलेल्या गायींपैकी किती उरल्या एवढेच मोजले असते, तर या बदलाची नोंद झालीच नसती.

मेदकमधील वेगळे उत्तर

जवळपास अशाच आराखड्याचा कार्यक्रम ‘एसकेएस’ संस्थेने तत्कालीन आंध्र प्रदेशातील, म्हणजे आताच्या तेलंगणातील, मेदक जिल्ह्यात राबवला. तेथेही तुलना गट होता. जोनाथन मॉर्डक व शमिका रवी यांचा समावेश असलेल्या अभ्यासगटाला मात्र उत्पन्न किंवा उपभोग खर्चात टिकाऊ निव्वळ वाढ आढळली नाही.

येथे जनावरांपासून उत्पन्न मिळाले, परंतु त्यासाठी वेळ द्यावा लागल्याने शेतमजुरीपासूनचे उत्पन्न घटले. याच काळात परिसरातील अकुशल मजुरीचे दर झपाट्याने वाढत होते. योजनेबाहेरची कुटुंबे या वाढत्या मजुरीचा लाभ घेत होती. त्यामुळे दोन्ही गट पुढे सरकले, पण त्यांच्यातील अंतर फारसे वाढले नाही. केवळ लाभार्थ्यांची आधीची व नंतरची स्थिती पाहिली असती, तर हाच कार्यक्रम यशस्वी म्हणून नोंदवला गेला असता.

दोन जिल्ह्यांतील या अनुभवांतून कार्यक्रम चांगला की वाईट असा सरसकट निवाडा करता येत नाही. एखाद्या साधनाची उपयुक्तता त्या ठिकाणी, त्या काळात त्या कुटुंबाला उपलब्ध असलेल्या पर्यायांवर अवलंबून असते. जिथे वर्षातील पुष्कळ दिवस हाताला काम नसते, तिथे गोठ्यात दिलेला वेळ ही भर ठरते. जिथे मजुरी सहज मिळते, तिथे त्याच वेळेची किंमत मोजावी लागते. म्हणूनच जनावराच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना चारा, औषधे आणि विमा यांच्याबरोबर कुटुंबाच्या श्रमाचे मूल्यही धरले पाहिजे.

तुलना गट कोठे निवडावा?

काही कार्यक्रमांचा परिणाम सदस्यांपुरता मर्यादित राहत नाही. बिहारमधील ‘जीविका’ प्रकल्पाच्या स्वयंसहाय्यता गटांचा अभ्यास करताना पंचायतींची सोडतीने विभागणी करून काही पंचायतींत काम आधी आणि काहींत नंतर सुरू करण्यात आले. गटांमार्फत स्वस्त कर्ज उपलब्ध होऊ लागल्यावर खासगी सावकारांनीही आपले व्याजदर कमी केल्याचे आढळले. अशा वेळी एकाच गावातील सदस्य आणि बिगरसदस्य यांची तुलना केली, तर दोघांनाही झालेला लाभ हिशेबातून निसटतो. त्यामुळे व्यक्तींऐवजी संपूर्ण गावांची किंवा पंचायतींची तुलना करणे योग्य ठरते.

टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी करण्याची ही पद्धत एका नैतिक आक्षेपाचेही बऱ्याच अंशी निरसन करते. गरजू कुटुंबाला केवळ अभ्यासासाठी वंचित ठेवणे उचित नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, निधी आणि मनुष्यबळ मर्यादित असताना कोणाला तरी थांबावेच लागते. अशा वेळी कोणी आधी यावे हे ओळखीपाळखीऐवजी उघड सोडतीने ठरले, तर ते अधिक न्याय्य असते आणि थांबलेल्या गावांपासून तुलनेचा आधारही मिळतो.

काय मोजावे आणि केव्हा?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांच्या एकत्रित अभ्यासात अशा कार्यक्रमांचे लाभ कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरानेही टिकून असल्याचे दिसले. होंडुरासमध्ये मात्र अनेक कुटुंबांनी निवडलेल्या कोंबड्या मोठ्या प्रमाणावर रोगाने दगावल्या आणि तेथील हिशेब तोट्यात गेला. लसीकरण, स्थानिक हवामानाला अनुकूल जात आणि पशुवैद्यकीय सेवेची उपलब्धता या तांत्रिक बाबी दारिद्र्याच्या आकडेवारीत थेट उतरतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

कृषी विज्ञान केंद्रे आणि संशोधन संस्था यांना यातून काही व्यावहारिक सूत्रे घेता येतील. जनावर किंवा निविष्ठा देण्यापूर्वीच पायाभूत सर्वेक्षण करावे आणि तुलनेची गावे त्याच वेळी निश्चित करावीत. नंतर शोधलेला तुलना गट क्वचितच समान असतो. ग्रामीण कुटुंबाचे उत्पन्न हंगामानुसार बदलत असल्याने सर्वेक्षणाच्या सर्व फेऱ्या वर्षाच्या एकाच काळात घ्याव्यात. केवळ उत्पन्न न विचारता उपभोग खर्च, घरच्या धान्याचा व दुधाचा वापर, कर्ज, बचत आणि महिलांच्या श्रमाचे तास यांची नोंद घ्यावी. स्थलांतरित झालेली कुटुंबे वगळू नयेत, कारण मुर्शिदाबादप्रमाणे प्रगतीचा मार्ग तिथूनच जात असू शकतो. शक्य असेल तर कार्यक्रम संपल्यानंतर तीन आणि पाच वर्षांनी पुन्हा पाहणी करावी.

या साऱ्याला खर्च आणि संयम लागतो. परंतु मोजमाप चुकले, तर एकीकडे निष्प्रभ योजना वर्षानुवर्षे चालू राहते आणि दुसरीकडे उपयुक्त योजना एखाद्या दुष्काळी वर्षामुळे बंद पडते. दोन्ही प्रसंगी नुकसान त्याच भूमिहीन महिलेचे होते, जिच्या नावे हा निधी मंजूर झालेला असतो. वाटप केलेल्या जनावरांच्या संख्येबरोबरच तुलना गटाचे आकडे प्रत्येक प्रकल्प अहवालात येऊ लागले, तर पुढील निधी कोठे आणि कोणत्या स्वरूपात द्यावा याचा निर्णय अधिक भक्कम पायावर घेता येईल.