वल्हविण्याची विद्या आणि दुष्काळी मुलूख

नौका वल्हविणे ही समुद्रकाठच्या किंवा बारमाही नदीकाठच्या माणसांची मिरास आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. मराठवाड्यातील माणसास तर ही परक्या मुलखातील चैनच वाटावी. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिल रोजी लातुरास पोचविले. जेथे घागरभर पाण्यासाठी रांगा लागतात, तेथे होड्यांच्या शर्यतीची गोष्ट कोणी काढावी?

परंतु त्याच एप्रिल महिन्यात दक्षिण कोरियात झालेल्या ऑलिंपिक पात्रता शर्यतीत एका मराठी तरुणाने एकेरी नौकेत दुसरा क्रमांक मिळविला. त्याचे नाव दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव पाण्याच्या दुर्भिक्ष्यासाठीच ओळखले जाणारे. वडिलांबरोबर विहिरी खणण्याच्या कामावर राबलेला हा मुलगा २०१२ साली सैन्यात दाखल झाला, आणि त्यानंतरच त्याच्या हाती वल्हे आले. प्रारंभी त्यास पाण्याचे भयच वाटे. असे असूनही रिओ येथे त्याने तेरावा क्रमांक मिळविला, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक जिंकले.

हे कसे घडू शकले, याचे उत्तर या विद्येच्या स्वरूपातच आहे. वल्हविणे हे दंडाच्या बळाचे काम आहे, असे काठावरून पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते पायांचे काम आहे. शर्यतीच्या नौकेत बैठक रुळांवर पुढेमागे सरकते आणि पावले एका फळीस बांधलेली असतात. वल्हविणारा गुडघे दुमडून पुढे सरकतो, वल्ह्याचे पाते पाण्यात बुडवितो आणि पायांनी फळी रेटतो. पाय सरळ होत आले की पाठ मागे झुकते, आणि सर्वांच्या शेवटी हात मूठ छातीशी ओढतात. मग पाते पाण्याबाहेर काढून आडवे करावयाचे आणि पूर्वीच्या जागी सावकाश परतावयाचे. रेटणे जोराचे, परतणे संथ, हा या विद्येचा मूलमंत्र होय. नवशिका परतताना घाई करतो. त्यामुळे नौकेची गती मोडते आणि दमही लवकर लागतो.

ही सारी हालचाल कोरड्या जमिनीवर शिकता येते. सरकती बैठक आणि ओढावयाची मूठ असलेले व्यायामयंत्र यासाठीच असते. नवशिक्याचे पहिले धडे बहुधा त्यावरच होतात. पाण्यावर गेल्यावर नवीन शिकावयाचा तो तोल. एकट्याची शर्यती नौका सुमारे ८ मीटर लांब, पाण्याशी जेमतेम एक फूट रुंद आणि वजनाने अवघी १४ किलोच्या आसपास असते. दोन्ही बाजूंस पसरलेली वल्हीच तिला सावरतात. ती सुटली की नौका कलंडली. म्हणून आरंभ रुंद, स्थिर होडीत करतात. पोहता आल्यावाचून कोणासही पाण्यावर सोडू नये आणि तरंगजाकीट टाळू नये, हे दोन नियम मात्र निरपवाद आहेत.

या विद्येस वयाची अट फारशी नाही. गुडघ्यांस धक्का न बसता सर्वांगास व्यायाम घडतो, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्यांनाही, वैद्याचा सल्ला घेऊन, तो आरंभिता येतो. जागतिक स्पर्धांत प्रौढांचा स्वतंत्र विभाग २७ व्या वर्षापासून सुरू होतो आणि पुढे वयोगट चढत जातात. चौघांच्या वा आठांच्या नौकेत तर बळापेक्षा मेळ अधिक मोलाचा. पुढच्याच्या पाठीकडे पाहून सर्वांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. वल्हविणाऱ्यांची तोंडे मागे असतात. पुढची दिशा पाहतो तो केवळ सुकाणूवर बसलेला. ते काम हलक्या अंगाच्या मुलास किंवा अनुभवी आजोबांसही साधते.

महाराष्ट्रात या परंपरेची मुळे आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा. मराठवाड्यात नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीचे पाणी अडविलेले आहे. लातुरास पाणी पुरविणारा मांजरा जलाशय धनेगाव येथे आहे. हे पाणी पिण्याचे. म्हणून तेथे काही करावयाचे तर पाटबंधारे खात्याच्या अनुमतीनेच. वल्ह्याच्या नौकेस इंजीन नसते, तेल सांडत नाही आणि तिच्यापायी पाण्याचा थेंबही खर्ची पडत नाही, एवढे तिच्या बाजूने सांगता येते.

काळवेळ मात्र येथील ऋतूंनीच ठरवावयास हवी. पावसाळ्यात धरणाची दारे उघडतात, तेव्हा पात्रात नौका घालणे म्हणजे जिवाशी खेळ. ते महिने यंत्राचे आणि पोहण्याच्या तलावाचे. पाऊस सरल्यावर, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, संथ सकाळी पाण्यावर जावे. उन्हाळ्यात पाणी आटले की पुन्हा यंत्रावर यावे. दुष्काळाच्या वर्षी सारे वर्ष यंत्रावरच काढावे लागले, तरी शिक्षण सर्वस्वी थांबत नाही.

या खटाटोपाचे प्रयोजन पदके एवढेच नाही. या मुलखातील मुलांस पाणी दोनच रूपांत भेटते: कोरडा नळ किंवा अचानक आलेला पूर. पाण्याशी परिचय नसलेली मुले पोहावयास म्हणून नदीत वा शेततळ्यात उतरतात आणि बुडतात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. पाण्याचे नुसते भय घालून हे टळत नाही. पोहणे, तोल राखणे, प्रवाह ओळखणे आणि कोणत्या दिवशी पाण्यात उतरू नये हे जाणणे, एवढे शिक्षण वल्ह्याबरोबर आपोआप येते. ज्या गावास पाणी थोडे, त्या गावास ते अधिक नीट ओळखण्याची गरज आहे.