एक वस्तु, दोन नांवें

नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव देण्यांत आलें. तरी घरोघरीं जुनेंच नांव ऐकूं येतें. १९६० सालचें विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झालें आहे, पण तेथील जुने विद्यार्थी अजून ‘व्ही. आर. सी. ई.’च म्हणतात. आपणांस यांत कांहीं अडचण वाटत नाहीं. परगांवच्या एखाद्या कारकुनास मात्र नुसत्या नांवांच्या यादीवरून संस्था मोजावयास सांगितल्या, तर तो एकीच्या दोन करील. संगणकाची गत बहुधा या कारकुनासारखीच असते.

संगणकांत फाइल एके ठिकाणीं ठेवून दुसऱ्या ठिकाणाहून तिच्याकडे नुसतें बोट दाखवितां येतें. या बोटास सिंबॉलिक लिंक म्हणतात. आपण त्यास दुवा म्हणूं. १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालींत हे दुवे होते. दुव्यांत मूळ मजकूर नसतो. बिऱ्हाड हलविणारा मनुष्य जुन्या दारावर नवा पत्ता लावून जातो, तेवढाच पत्ता त्यांत असतो.

आतां दुसरें पात्र. अनेक फाइलींपासून प्रोग्राम बांधण्यासाठीं स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत ‘मेक’ नांवाचें साधन रचिलें. मूळ फाइल तयार प्रोग्रामाहून नवी असेल तरच तें पुन्हां बांधणी करतें; नाहीं तर हात लावीत नाहीं. हा आळस शहाणपणाचा खरा, परंतु त्याची सारी भिस्त तारखांवर आहे.

माझ्या पाहण्यांतील एका शिकवणीवर्गांत निकालपत्रकें अशाच एका प्रोग्रामानें तयार होत. गुणांचे नियम एका फाइलींत असून प्रोग्राम बांधतांना ते त्यांत मिसळले जात. तोंडी परीक्षेचे गुण धरणारे नवे नियम मे महिन्यांतच लिहून ठेविले होते. जूनमध्यें जुन्याच नियमांवर प्रोग्राम बांधला गेला. जुलैंत ‘नियम’ हा दुवा जुन्या फाइलीवरून नव्या फाइलीकडे वळविला व ‘मेक’ चालविलें. त्यानें दुव्यामागून जाऊन पाहिलें: फाइल मेची, प्रोग्राम जूनचा, म्हणजे करण्यासारखें कांहींच नाहीं! दुवा जुलैंत वळला, हें त्यानें पाहिलेंच नाहीं. परिणामीं तोंडी परीक्षेंत उत्तम गुण मिळविलेली एक मुलगी अनुत्तीर्ण ठरली. तिच्या वडिलांनीं हातानें बेरीज करून दाखविली नसती, तर तीच यादी फळ्यावर लागली असती. बिचाऱ्या प्रोग्रामाची बेरीज बरोबरच होती; नियम तेवढे गेल्या वर्षींचे होते.

उपाय दोन आहेत. जुना प्रोग्राम पुसून सर्व बांधणी नव्यानें करावी, अथवा ग्नू प्रकल्पाच्या ‘मेक’ला ‘-एल’ ही खूण द्यावी. मग तें दुव्याची तारीखही विचारांत घेतें.

याखेरीज इतर घोटाळेही होतात. एकच फाइल दोन वाटांनीं आल्यास ती दोनदां वाचली जाण्याचा संभव असतो. ‘एक पायरी वर जा’ म्हटल्यास दुव्याच्या घरून वर जावयाचें कीं मूळ घरून, यावर दोन साधनांचें एकमत होत नाहीं. आणि कोणी दोन दुवे परस्परांकडेच वळविले, तर पत्ता विचारीत फिरणें संपतच नाहीं. लिनक्स ४० दुवे ओलांडल्यावर तो शोध सोडून देतें व चूक कळवितें.