विषय मोठा, सुरुवात छोटी : एरिख आउएरबाख यांच्याकडून काय शिकायचं?

पीएचडीचा विषय ठरवताना दोन भीती असतात. मोठा घेतला तर वाचून संपणार नाही. छोटा घेतला तर मुलाखतीत विचारणार, 'यातून निघणार काय?' माझी शाखा विज्ञानाची, पण या पेचाचं चांगलं उत्तर मला तौलनिक साहित्याच्या एका अभ्यासकाच्या कारकिर्दीत सापडलं.

एरिख आउएरबाख यांचा जन्म १८९२ मध्ये बर्लिनला झाला. आधी कायद्याची डॉक्टरेट, मग पहिल्या महायुद्धात सैन्य, मग १९२१ मध्ये साहित्य आणि भाषेच्या अभ्यासात दुसरी डॉक्टरेट. काही वर्षं ग्रंथालयात नोकरी केली आणि १९२९ मध्ये दान्तेवरचं पुस्तक आलं. त्यानंतर मारबुर्गला प्राध्यापक झाले. जरा स्थिरावतात तोच, ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत १९३५ मध्ये पद गेलं. पुढच्या वर्षी ते इस्तंबूल विद्यापीठात गेले.

तिथे १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी 'मिमेसिस' लिहिलं. प्रश्न केवढा बघा : होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत पाश्चात्त्य साहित्यानं वास्तव कसं मांडलं? सगळं वाचून लिहायचं म्हटलं तर एक आयुष्य पुरणार नाही. म्हणून ते बहुतेक प्रकरणांत एक छोटा उतारा घेतात, त्याची वाक्यरचना तपासतात आणि तिथून त्या काळाच्या समाजापर्यंत जातात. पहिल्या प्रकरणात ओडिसिअसच्या पायावरचा व्रण आणि मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहम शेजारी ठेवलेत. होमर सगळं उजेडात मांडतो, बायबल बरंच न सांगता सोडतं. आपण अख्खा अवयव नाही, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, तसंच हे.

इथे एक सावधगिरी. मोठं ग्रंथालय नसल्यामुळेच कदाचित पुस्तक पूर्ण झालं, असं आउएरबाख यांनीच शेवटी म्हटलंय. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू टाळू नका! त्यांच्यामागे दोन दशकांचं वाचन होतं. शिवाय इस्तंबूलमध्ये ते वाटतात तेवढे एकाकी नव्हते, असं कादेर कोनुक यांनी २०१० च्या पुस्तकात दाखवलंय.

पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात असताना, १९५२ च्या विश्वसाहित्यावरच्या लेखात त्यांनी ही पद्धत स्पष्ट केली. सुरुवातीचा बिंदू ठोस आणि नेमका हवा, आणि त्यातून मोठ्या प्रश्नाकडे वाट निघायला हवी. 'नियती', 'मिथक' असे ढोबळ शब्द सुरुवातीला चालत नाहीत.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. ज्यावर बोट ठेवता येईल असा एक उतारा, एक नमुना किंवा एक नोंद त्यात आहे का? नसेल तर गाईडकडे जाण्याआधी ती शोधा. असेल, तर तिच्यापासून तुमच्या मोठ्या प्रश्नापर्यंत कसं पोचता येतं, ते पाच वाक्यांत लिहून बघा. मधेच अडकलात, तर विषयात नेमकं कुठे काम बाकी आहे ते कळेल.