निळा किती, पांढरा किती?

सेकंड शिफ्ट सुटून चाकणहून निघालेली कंपनीची बस भोसरीत पोचते तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. सोसायटी गाढ झोपलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खिडकीतून गडद निळा उजेड बाहेर पडत असतो. शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटत होतं की, मिठाईच्या दुकानात असतं तसलं माश्या मारायचं मशीन लावलंय. तसं काही नाही. माझ्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या टाकीतला दिवस अजून मावळायचा असतो.

दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि मऊ प्रवाळ. दादाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पण प्रवाळाला शिफ्ट बदलून चालत नाही. त्याला रोज ठरलेल्या वेळी उजेड आणि ठरलेल्या वेळी अंधार लागतो. म्हणून टायमर कायमचा दुपारी तीन ते रात्री एक. कुठलीही शिफ्ट असो, थोडा वेळ तरी टाकीसमोर बसायला मिळतं.

हे वाचून तुम्हालाही टाकी लावावीशी वाटली, तर आधी एक काम करा: काय विकत घेताय ते नीट बघा. कठीण सांगाडा बनवणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत, जिथे वाघ आहे. शिक्षा किमान तीन वर्षं कैद. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन खात्याची परवानगी घ्यावी लागली होती. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बऱ्याचदा प्रवाळाचा सांगाडाच असतो. दादाच्या टाकीत सिरॅमिकचे दगड आहेत आणि त्यांवर झोअँथिड, मशरूम, लेदर असले बिनसांगाड्याचे प्रकार. दुकानदार म्हणतो ‘काही होत नाही’, पण केस झाली तर तारखेला तो येणार नाही.

आता दिव्याकडे येऊ. तयार रीफ लाइटची किंमत ऐकून दादाने पहिला जुगाड केला तो गणपतीच्या डेकोरेशनमधून उरलेल्या रंगीत एलईडी पट्टीचा. रिमोटवर निळं बटण दाबलं की झालं! दिसायला झकास. पण त्या पट्टीत दमच नव्हता. प्रवाळ उजेडाच्या दिशेने लांबुळके होत गेले आणि मळकट तपकिरी दिसायला लागले.

मुळात निळाच का? समुद्रात उन्हातला लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाण्यात जिरतो, निळा सगळ्यात खोल जातो. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. भाडंच म्हणा ना. हे शैवाल ४३० ते ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड उत्तम वापरतं. बाजारात ‘रॉयल ब्लू’ नावाने मिळणारा एलईडी साधारण ४५० चा, म्हणजे बरोबर मधला. गंमत म्हणजे आपला नेहमीचा पांढरा एलईडीसुद्धा आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर फासलेला असतो, म्हणून तो पांढरा दिसतो. अशा पांढऱ्या दिव्यांची वाट मोकळी करणाऱ्या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग एका गुरुवारी दादाने खरा दिवा बनवला. (आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.) तीन वॅटचे एलईडी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणले. अॅल्युमिनियमची फिन असलेली पट्टी भोसरीतल्या मित्राच्या वर्कशॉपमधून. आठ-आठ एलईडीच्या तीन माळा केल्या आणि प्रत्येक माळेला ७०० मिलीअँपिअरचा वेगळा डिमेबल ड्रायव्हर दिला. पहिल्या माळेत आठ रॉयल ब्लू. दुसरीत सहा रॉयल ब्लू आणि ४२० चे दोन जांभळे. तिसरीत आठ कूल व्हाइट. म्हणजे दोन निळ्यामागे एक पांढरा. सगळे मिळून साठेक वॅट, दहा तासांना दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त.

लालही दोन लावले होते, आठवड्यात काढले. वाळूवर लाल ठिपके पडायचे, डिस्कोसारखे. शिवाय मऊ प्रवाळाला त्यांची तशी गरजही नव्हती. जांभळे मात्र ठेवा. काही प्रवाळांच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात. ती जांभळा-निळा उजेड शोषून हिरवा, केशरी उजेड बाहेर टाकतात. इन्स्टावर जे रंग बघून आपण वेडे होतो, ते हेच.

आणि इथेच दादा फसला. नुसत्या निळ्यावर टाकी अंधारी वाटत होती. आत्या म्हणाली, “अरे, यात काय दिसतंय? वाढव की जरा.” त्याने दोन्ही निळ्या माळा फुल्ल केल्या. फोनवर उजेड मोजायचं अॅप टाकलं, तेही आकडा कमीच दाखवत होतं. पाचव्या दिवशी झोअँथिड मिटले ते उघडेचनात. दहाव्या दिवशी लेदरचा रंग उडायला लागला. उजेड जास्त झाला की शैवालाची घडी बिघडते, प्रवाळ त्याला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. समुद्र तापल्यावर होतं, तेच ब्लीचिंग दादाच्या हॉलमध्ये झालं.

चूक डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची होती. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात तल्लख असतो. तेवढ्याच ऊर्जेचा ४५० चा निळा आपल्याला त्याच्या जेमतेम पंचविसाव्या हिश्शाइतका प्रखर वाटतो. लक्स मोजणारं अॅपही माणसाच्या डोळ्याच्याच हिशेबाने मोजतं. आपल्याला अंधुक वाटणारी टाकी प्रवाळासाठी भर दुपार असू शकते. मोजायचंच तर पार मीटर लागतो. तो महाग असतो, त्यामुळे चार जणांत मिळून घ्या किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एक दिवस मागून आणा. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. आणि हो, चालू रॉयल ब्लूकडे सरळ टक लावून बघू नका. मंद वाटला तरी डोळ्यांना तो मंद नसतो.

दादाने निळा तीस टक्क्यांवर आणला आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवत नेला. लेदर सावरला, झोअँथिडचा एक गुच्छ गेला. तो पांढरा झालेला गुच्छ त्याने बरेच दिवस काढला नव्हता. विचारलं तर म्हणाला, “राहू दे, रोज दिसलेला बरा.” आता निळा साठ टक्क्यांवर आणि पांढरा पंचवीसवर स्थिर आहे. आत्याला टाकी अजूनही अंधारीच वाटते.

गेल्या गुरुवारी गेले तेव्हा दुरुस्तीसाठी लाइट बंद होती. पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर घुरघुरत होता, दिवा विझलेला. खिडकीतून साधा दिवसाचा उजेड टाकीत पडला होता आणि त्यात सगळे प्रवाळ शेवाळी, तपकिरी दिसत होते. मी म्हटलं, “अरे, हे तर अगदीच साधे दिसतात.” मालवणला स्नॉर्कलिंग करून आलेला दादा म्हणाला, “तिथेही असेच दिसले होते. सोबतची पोरं म्हणाली, पैसे वाया गेले.” मग तो खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. लाइट पाचला येणार होती.